फिरते संडास : सभेला हवेत, उसाच्या फडालाही हवेत



जिल्हा बैठक ठरली की मंडप, माईक, जेवण, गाड्या या सगळ्यांचा हिशेब होतो. संडासाचा होत नाही. पुरुष कुठेही आडोसा शोधतात. बाया मात्र घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी आपल्या मायबहिणींनी तहान मारूनच भाषणे ऐकायची काय?

फिरते रासायनिक संडास भाड्याने आणावेत, अशी सूचना आता होते. सूचना चांगली आहे. पण वस्तू समजून घेऊन आणावी.

प्लॅस्टिकची किंवा फायबरची खोली आणि बैठकीखाली साधारण सव्वादोनशे लिटरची बंद टाकी, एवढाच हा प्रकार. नळ लागत नाही, गटार लागत नाही. टाकीत थोडे पाणी आणि निळे औषध घालतात. मैला सडवणारे जंतू या औषधाने थोपतात. सडणे थांबले की घाण वास थांबतो. निळ्या रंगाने खालचे दिसत नाही; रंग हिरवट पडला की औषधाचा जोर संपला असे समजतात. मग पंपाची गाडी येऊन टाकी शोषून नेते. बांधकामावर, यात्रेत, पूर-भूकंपानंतरच्या छावण्यांत असे संडास वापरतात. दहा मजुरांना एक खोली आठवडाभर पुरते, हा अमेरिकेतला ढोबळ हिशेब. तिथे कागद वापरतात, आपल्याकडे पाणी. आपली टाकी त्याआधीच भरणार.

म्हणजे हे औषध मैला नाहीसा करत नाही, काही दिवस थोपवून धरते. पूर्वी त्यात फॉर्मल्डिहाइड सर्रास असे, प्रेते टिकवायला वापरतात तेच. आता कमी विषारी औषधेही मिळतात. पण जंतू मारणारे औषध असलेला टँकर गोबरगॅसच्या किंवा सेप्टिक टाकीत ओतला, तर तिथले उपयोगी जंतूही मरतील. ओढ्यात सोडला तर खालच्या गावाच्या पाण्यात जाईल. टँकर मैलाशुद्धीकरण केंद्रावरच गेला पाहिजे. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपण तर साधने असली तरी उतरवू नये.

हा प्रश्न सभेपुरता नाही. अमेरिकेत शेतमजुरांनी शेतात संडास मागितला. १९७२ साली सरकारदरबारी अर्ज गेला. नियम व्हायला १९८७ साल उजाडले, तेही न्यायालयाने कान धरल्यावर. अकरा किंवा अधिक मजूर हाताने काम करत असतील, तर वीस जणांमागे एक संडास आणि हात धुण्याची सोय, तीही पाव मैलाच्या आत, मालकाने करायची. आज तिथे मजुरांच्या मागोमाग चाकावरचे संडास शेतात फिरतात.

आपल्या फडात काय आहे? ऊसतोड करणारी बाई पहाटे अंधारात उसाच्या सरीत जाते. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्याची कारणे अनेक आहेत. पण पाळीच्या दिवसांतही आडोसा नाही, पाणी नाही, खाडा केला तर पैसे कापले जातात, हे हाल कोण नाकारील?

कोणी म्हणेल, शेतकऱ्यालाच भाव मिळत नाही, हा खर्च त्याने कुठून करावा? बरोबर. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या बिलातूनच कापला जातो. पैसा आपला जात असेल, तर तोडणाऱ्या बाईला त्यातून काय मिळते हे विचारण्याचा हक्कही आपला आहे. मजुराची सोय हा उत्पादन खर्च आहे. तो खर्चात धरा आणि भावात द्या, ही मागणी दोघांची मिळून आहे.

म्हणून बैठकीत दोन ठराव घ्यावेत. एक, यापुढे बायांच्या संडासाची सोय झाल्याशिवाय सभेची तारीख ठरवायची नाही, आणि टँकर कुठे रिकामा होणार हे लिहून घेतल्याशिवाय ठेकेदाराला पैसे द्यायचे नाहीत. दुसरा, प्रत्येक कारखान्याला टोळीमागे फिरता संडास मागायचा. आधी आपला मंडप नीट करू, मग कारखान्याच्या दारात जाऊ.