दिवा विझवणारं यंत्र नको!

मंडळी, ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक, तसंच रेटून गाडी हाकणारी. दुसरी, सर्व्हिस सेंटरमध्ये हात जोडून उभी राहणारी. "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" हे यांचं ठरलेलं वाक्य. मला या वाक्याचा भारी राग आहे. रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी उघडून वाचता ना? मग गाडीचा का नाही?

आमच्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणाऱ्या जुन्या मिस्त्र्यांचं इथे अजून कौतुक होतं. मलाही आहे. पण आता पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो, आणि त्याचं बोलणं कानाला ऐकू येत नाही. ते वाचावं लागतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून कारला ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात कोड रीडर खोचायचा. बस्स.

हे वाचन आपल्या हाती यावं अशी कंपन्यांना फारशी हौस नव्हती. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. आपल्या पिंपरी-चाकणच्या टाटा, मर्सिडीज, फोक्सवॅगनही त्यात होत्या. सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका. बचाव काय, तर म्हणे त्यांच्याकडे कौशल्य नाही! पोराला पुस्तकच द्यायचं नाही आणि वाचता येत नाही म्हणून हिणवायचं, हा कुठला न्याय? (पुढे अपिलं वगैरे झाली, ते असो.)

आता रीडर कुठला घ्यावा? भाचेकंपनी सगळ्यात स्वस्त तो सुचवते. "मावशी, एक बटण दाबलं की दिवा जातो!" अरे, दिवा जातो, दुखणं जातं का? उलट कोड पुसला की बिघाडाच्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचं तापमान काय होतं, ती ‘फ्रीझ फ्रेम’ची नोंदही पुसली जाते. म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढली!

आणि कोड म्हणजे निदान नव्हे. भाचीच्या गाडीत पी०१७१ आला. अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गॅरेजवाल्याने (नाव नको) छातीठोकपणे ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला. दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं तर हवेची एक रबरी नळी चिरलेली! प्रगतिपुस्तकावर ‘गणितात नापास’ असा शेरा आला म्हणून कोणी पोरगा बदलतं का?

म्हणून रीडर घ्यायचा तो फ्रीझ फ्रेम आणि चालू इंजिनाचे आकडे दाखवणारा. फोनला जोडायचा असेल तर दुकानदाराला आपला फोन दाखवून विचारा, कारण साध्या ब्लूटूथचे बरेच रीडर आयफोनशी बोलत नाहीत. ईएलएम३२७ नावाच्या चिपच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, काही अर्धवट चालतात. परत घेईल अशाच दुकानातून घ्या. एअरबॅग आणि एबीएसचे कोड साध्या रीडरवर सहसा दिसत नाहीत. ते हवे असतील तर आपल्या गाडीचं मॉडेल आणि साल सांगून, दुकानातच लावून बघा. आणि पुसायचं बटण दाबण्याआधी कोड वहीत उतरवून घ्या, तारखेसकट.