तिच्या नावे काय जमा?

व्यापारी कुटुंबांत हिशेबाचे संस्कार लहानपणापासून होतात. किर्द रोज लिहिली जाते, खतावणी वेळेवर उतरते, दिवाळीला वहीपूजन होते. तरीही अनेक घरांत एक खाते कधीच उघडले जात नाही. शिवणयंत्रावर बसून ज्या स्त्रीने घर उभे केले, तिचे ते खाते होय.

संत शेख महंमद महाराजांच्या श्रीगोंद्यात किंवा तशाच कोणत्याही तालुक्याच्या गावी कापडबाजार आणि शिवणकाम यांचे नाते जुने आहे. ग्राहक दुकानातून ब्लाउजपीस, अस्तर घेतो आणि शिलाईसाठी मागच्या गल्लीतल्या एखाद्या मावशींकडे जातो. मावशींचा हात चांगला असला की दुकानाची विक्रीही वाढते. जूनमध्ये शाळेचे गणवेश, मग दिवाळी, त्यानंतर लग्नसराई. पावसाळ्यात मात्र हाताला काम कमी. या व्यवहारात एक विषमता मुरलेली आहे. कापडाचे पैसे दुकानात रोख मोजले जातात, शिलाईचे मात्र ‘पुढच्या आठवड्यात देऊ’ असे सांगितले जाते. शेजारधर्मामुळे तगादा लावता येत नाही आणि दरही वाढवता येत नाही.

वाणिज्याच्या दृष्टीने पाहिले, तर हा पूर्ण उद्योग आहे. यंत्र हे भांडवल; सुया, दोरा, तेल हा चालू खर्च; मापांची वही हीच ग्राहकांची नोंद. यंत्राचा घसारा कोणताही हिशेबनीस मांडील. डोळ्यांचा, मानेचा आणि गुडघ्यांचा घसारा मात्र कोणत्याच ताळेबंदात येत नाही. पन्नास-साठ वर्षे पायटा मारल्यानंतर तो मोतीबिंदूच्या आणि सांधेदुखीच्या रूपाने एकदम समोर येतो. तोवर त्या कमाईतून मुलांच्या फिया भरलेल्या असतात, मुलींची लग्ने झालेली असतात, थोरल्याच्या दुकानाची अनामत रक्कमही गेलेली असते. घरातले वाद तिच्या शब्दाने मिटतात, सोयरीक तिच्या संमतीने ठरते. घरात सर्वांत मोठा मान तिचा असतो. परंतु कागदावर तिच्या नावे बहुधा काहीच नसते.

या कष्टांचे मोल जाणणारे एक ठळक उदाहरण ख्यातनाम शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या घरचे आहे. त्यांचा जन्म १९४३ साली गोव्यातील माशेल येथे झाला. वडील लवकर गेले. आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईत गिरगावात आल्या आणि शिवणकाम व मिळेल ते किरकोळ काम करून त्यांनी संसार चालवला. एकदा काम मिळेल या आशेने त्या दिवसभर थांबल्या. परंतु तिसरी उत्तीर्ण नसल्याने ते काम त्यांना नाकारण्यात आले. आपल्या मुलाला सर्वोच्च शिक्षण द्यायचेच, असा निश्चय त्यांनी तेव्हा केला. बाराव्या वर्षापर्यंत अनवाणी शाळेत गेलेला हा मुलगा १९६० च्या शालान्त परीक्षेत राज्यात अकरावा आला. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९६९ मध्ये ते पीएच.डी. झाले आणि १९९५ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. मुलाने ते ऋण नुसते मनात ठेवले नाही. समाजातील वंचितांना उपयोगी पडणाऱ्या संशोधनासाठी त्यांनी आईच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

प्रत्येक कुटुंबाला पुरस्कार स्थापन करता येणार नाही. तथापि कायद्याने जे तिचे आहे ते तिच्याकडे ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. जैन कुटुंबांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवेला प्रत्येक मुलाइतकाच एक हिस्सा मिळतो. मुलगा आधी गेला, तर त्याच्या मालमत्तेतही आई प्रथम वर्गाची वारस असते. प्रत्यक्षात काय घडते? दिवसकार्य आटोपताच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. ‘घरातच तर राहणार आहे’ या समजुतीवर वृद्धा सही किंवा अंगठा करते. पुढे भावाभावांत वाटण्या होतात आणि औषधाच्या चिठ्ठीसाठीही तिला कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागते.

म्हणून काही गोष्टी तिच्या हयातीतच व्हाव्यात. हक्कसोडपत्रावर सही घेण्यापूर्वी ते तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावे आणि विचाराला अवधी द्यावा. तिच्या नावे बचत खाते व मुदत ठेव असावी, व्याज तिच्याच हाती यावे. ठेवीवर नामनिर्देशन करावे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे, हे ध्यानात ठेवून मृत्युपत्रही करावे. तिने घर मुलाला बक्षीस दिलेच, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. अशी अट मोडली गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते हस्तांतर रद्द करून घेता येते.

आणि ज्यांच्या दुकानासमोरून आजही एखादी शिवणकाम करणारी मावशी रोज जाते, त्यांनी आपल्या घरची तिच्याकडे राहिलेली शिलाई या आठवड्यातच चुकती करावी. देणे लहान असले तरी ते देणेच असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.