वसतिगृहाची खोली निवडताना

मे महिन्यात एक आजी दवाखान्यात आल्या, त्या स्वतःच्या रक्तदाबासाठी नव्हे. नात पदवीच्या प्रथम वर्षासाठी पुण्यास निघाली होती आणि तिला लहानपणापासून दमा. “डॉक्टर, रात्री तिची छाती वाजू लागली की आजवर मला आधी जाग यायची. तिथे कोण उठेल?” मूळ प्रश्न हाच होता, कोणते वसतिगृह निवडावे, हा त्यामागून आला.

घरच्यांचा कल एकटीच्या खोलीकडे होता, अभ्यास नीट होईल म्हणून. मी दोघींची खोली सुचवली. दम्याचा जोर बहुधा मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या सुमारास वाढतो. त्या वेळी मुलगी बंद दाराआड एकटी असू नये. आराम देणारा निळा पंप कोठे ठेवला आहे, हे सोबतच्या मुलीस पहिल्याच आठवड्यात दाखवावे. संकोचापोटी तो पेटीच्या तळाशी दडवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत! एका दमात वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंपाने उतार पडेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. म्हणून रात्री फाटक कोण उघडते, वाहन कोठून मिळते, हे वॉर्डनना आधीच विचारावे. भोजनगृहाच्या चवीची चौकशी सारेच करतात, ही कोणी करीत नाही.

खोली उन्हाळ्यात पाहिली की फसगत होते. मे महिन्यात बहुतेक भिंती कोरड्याच दिसतात. कपाटामागे, खिडकीखाली, छताच्या कोपऱ्यांत पोपडे किंवा काळसर डाग आहेत का, हे वाकून पाहावे. कुबट वासही पुरेसा बोलका असतो. पावसाळ्यात तेथेच बुरशी धरते आणि दमा उसळतो. वसतिगृहाच्या जुन्या गादीत धुळीतील सूक्ष्म कीटक पुष्कळ असतात. गादी शक्यतो घरची न्यावी, चादरी दर आठवड्यास गरम पाण्यात धुवाव्यात. बाहेरचे पाणी व अन्न सुरू होणार, तेव्हा विषमज्वर व ‘अ’ प्रकारच्या काविळीच्या लसींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

निघण्यापूर्वी नातीला पंप माझ्यासमोर घ्यायला लावला. औषध ओढून ती लगेच श्वास सोडत होती. सुमारे १० सेकंद रोखायला शिकवले. रोजचा प्रतिबंधक पंप बरे वाटते म्हणून थांबवायचा नाही, हेही बजावले.

परवा आजी पुन्हा आल्या. दोघींची खोली मिळाली. “पण सोबतची मुलगी फार गाढ झोपते म्हणे,” ही नवी तक्रार. मी आधी त्यांचा रक्तदाब मोजला.