संगणक अभियंत्यांची पहिली पायरी अरुंद

संगणक अभियांत्रिकीची पदवी हाती पडली की हिंजवडीत नोकरी निश्चित, हे समीकरण आता कोलमडले आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांचे मनुष्यबळ मिळून सुमारे ६४ हजारांनी घटले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार पदे कमी करण्याची घोषणा केली. ही कपात प्रामुख्याने मध्यम व वरिष्ठ स्तरावरची असली, तरी केवळ सेवेची वर्षे हे नोकरीचे संरक्षण राहिलेले नाही, हा त्यातला बोध नवोदितांनीही घ्यावा असाच आहे.

यामागे केवळ मंदी नाही. जितके अभियंते प्रकल्पावर, तितकी ग्राहकाकडून वसुली, या हिशेबावर हा उद्योग दीर्घकाळ पोसला गेला. महाविद्यालयांतून घाऊक भरती करायची, काही महिने प्रशिक्षण द्यायचे आणि परदेशी ग्राहकाच्या कामाला जुंपायचे, अशी ही रीत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ अवतरले आणि नवख्यांकडे सोपवली जाणारी साचेबद्ध कामे यंत्राच्या आवाक्यात येऊ लागली. मोठ्या सेवा कंपन्यांतील सुरुवातीचे वेतन मात्र दशकभराहून अधिक काळ वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळले आहे. शैक्षणिक कर्ज काढलेल्या कुटुंबांना ही कोंडी अधिक जाचते.

अशा वेळी दर सहा महिन्यांनी नव्या ‘कोर्स’मागे धावण्यापेक्षा पाया पक्का करणे श्रेयस्कर. ‘एसक्यूएल’ १९७० च्या दशकातील, तर लिनस टोरवाल्ड्स यांचे ‘गिट’ २००५ मधील. दोन्ही आजही रोजच्या कामात आहेत. यंत्राने लिहिलेला कोड वरकरणी निर्दोष भासतो. त्यातील चूक हेरण्यासाठी इतरांचा कोड वाचण्याची आणि चाचण्या लिहिण्याची सवय लागते. मुक्तस्रोत प्रकल्पातील एखादी छोटी दुरुस्ती कोणालाही पडताळून पाहता येते. म्हणूनच प्रमाणपत्रांच्या भेंडोळ्यापेक्षा तिचे वजन अधिक.

नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून आणि बनावट अनुभवपत्रांपासून मात्र दूरच राहावे. पडताळणीत खोटेपणा उघड झाला, तर मिळालेली नोकरीही जाते. बंधपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्याची मुदत आणि भरपाईची रक्कम वाचणेही तितकेच आवश्यक.

संधी संपलेल्या नाहीत. मात्र त्या आता पदवीकडे पाहून नव्हे, तर प्रत्यक्ष काम पारखून मिळणार आहेत. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनीही हे वेळीच ओळखलेले बरे.