लॅव्हेंडर तेल : दावे आणि पुरावे

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दिवसभर वाकून कोयता चालविणे आणि उसाच्या मोळ्या वाहणे यामुळे पाठ, कंबर व गुडघ्यांची दुखणी त्यांच्या वाट्याला येतात. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. अशा वेळी ‘दुष्परिणामरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नैसर्गिक तेलांकडे रुग्ण वळले, तर नवल नाही. ऑनलाइन विक्रीमुळे अंबाजोगाईतही घरपोच मिळू शकणारे लॅव्हेंडरचे तेल त्यांपैकीच एक. ते दाह कमी करते आणि अँटिऑक्सिडंट आहे, हा त्याच्या विक्रेत्यांचा मुख्य दावा असतो.

हा दावा निराधार नाही. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे या तेलातील प्रमुख घटक. प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये रसायनाद्वारे सूज आणून केलेल्या प्रयोगांत या तेलाने सूज घटल्याचे इराणमधील संशोधकांना २००३ मध्ये आणि ब्राझीलमधील संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. ब्राझीलच्या अभ्यासात तेलाचा अँटिऑक्सिडंट गुणही दिसला. मात्र उंदराचा पंजा आणि ऊसतोड मजुराचा गुडघा यांत मोठे अंतर आहे.

माणसांवरील पुरावा त्या मानाने तोकडा आहे. इराणमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅव्हेंडर तेलाच्या मसाजनंतर लगेच आणि आठवडाभराने वेदना कमी आढळल्या. चौथ्या आठवड्यात मात्र लक्षणीय फरक उरला नव्हता. शिवाय सुगंध लपविता येत नसल्याने आपल्याला कोणते तेल लावले, हे रुग्णाला सहज कळते. साहजिकच गुण तेलाचा, मसाजचा की विश्वासाचा, हे ठरविणे अवघड जाते. युरोपच्या औषध यंत्रणेनेही या तेलाला मान्यता दिली आहे ती सौम्य मानसिक ताण व झोपेसाठी, आणि तीही केवळ पारंपरिक वापराच्या आधारे.

विरोधाभास असा, की अँटिऑक्सिडंट म्हणून गौरविलेल्या या तेलातील लिनालूलचेच हवेच्या संपर्कात ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून त्वचेची ॲलर्जी उद्भवू शकते. त्यामुळे दीर्घकाळ उघडी राहिलेली बाटली किंवा न मिसळलेले तेल थेट त्वचेवर लावणे धोक्याचे ठरते.

कायदाही येथे स्पष्ट आहे. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात संधिवाताचा समावेश असून, तो बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

लॅव्हेंडर थंड हवेचे पीक असल्याने जम्मूतील भदरवाहप्रमाणे ते बीडमध्ये बहरण्याची शक्यता नाही. पण लिनालूल परके नाही. धन्याच्या तेलाचाही तो प्रमुख घटक आहे. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि रुग्ण याच परिसरातले आहेत. अशा तेलांची काटेकोर चाचणी येथे झाली, तर तिचे उत्तर जाहिरातींपेक्षा मोलाचे ठरेल. तोवर हे तेल मसाजपुरते ठीक. त्याच्या भरवशावर उपचार लांबविणे मात्र मजुराला परवडणारे नाही.