धावणे की वजन उचलणे? प्रश्नच चुकीचा

‘कार्डिओ केलात तर स्नायू झिजतील’ हे वाक्य आज देशभरातील जिममध्ये निसर्गनियमाच्या थाटात उच्चारले जाते. दुसरीकडे दवाखान्यात मधुमेही रुग्णाच्या हाती ‘रोज चाला’ एवढाच सल्ला पडतो. वजन उचलणे हे जणू पहिलवानांचेच काम! दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि अर्धवट सल्ला या देशाला परवडणारा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज १० कोटींहून अधिक मधुमेहींचा आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अभ्यासानुसार देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे.

जिममधील त्या ‘नियमा’चे मूळ १९८० सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी एका गटाला आठवड्यातून ५ दिवस ताकदीचा व्यायाम दिला, दुसऱ्याला ६ दिवस दमश्वासाचा आणि तिसऱ्याला हे दोन्ही. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सुमारे सात आठवडे वाढत राहिली, मग थांबली आणि अखेरीस घसरली. निष्कर्ष खरा होता. पण तो आठवड्याला अकरा कठोर सत्रांचा होता. लोकांनी निष्कर्ष तेवढा लक्षात ठेवला आणि मात्रा विसरली. आठवड्यातून तीनदा अर्धा तास सायकल चालवणाऱ्या कारकुनाला हिक्सन यांचा धाक दाखवणे म्हणजे महापुराचे दाखले देऊन तहानलेल्याचा तांब्या काढून घेणे होय.

पुढे या समजुतीला रेणूंचा आधार मिळाला. दमश्वासाच्या व्यायामाने एएमपीके हे विकर जागे होते आणि ते स्नायूवाढीच्या एमटॉर मार्गाला आवर घालते, असे सांगितले गेले. पेशीत यंत्रणा सापडणे आणि माणसाच्या दंडावर तिचा परिणाम दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ साली ४३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने कमाल ताकद किंवा स्नायूंची वाढ खुंटल्याचे दिसले नाही. थोडी घट आढळली ती केवळ स्फोटक शक्तीत, तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तेव्हा. उंच उडी मारणाऱ्या खेळाडूने त्याची चिंता करावी. बाकीच्यांना ती सबब मिळू नये.

‘फक्त चाला’ म्हणणाऱ्यांनीही पुरावा पाहावा. टाइप २ मधुमेहाच्या २६२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२०१०) नऊ महिन्यांनंतर, व्यायामाचा एकूण वेळ जवळपास सारखा असूनही, एचबीएवनसीमध्ये नियंत्रण गटाच्या तुलनेत लक्षणीय घट झाली ती फक्त दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटात. घट माफक होती; पण सुटा व्यायाम करणाऱ्या गटांना तेवढीही साधली नाही. कारण उघड आहे. इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातील साखर शोषून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. चालण्याने ते कोठार रिकामे होते, वजन उचलण्याने मोठे होते.

हे कोठार भारतीयांकडे मुळात लहान आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जो फरक दिसत नाही, तो स्वादुपिंडाला भोगावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. त्या वाक्यातील ‘आणि’ हा शब्द आपल्याकडे ‘किंवा’ असा वाचला जातो. बैठका, जोर, पाण्याने भरलेली कळशी, खांद्यावरची पिशवी यांपैकी कशालाही जिमची वर्गणी लागत नाही. ट्रेनरने चालण्याची भीती घालणे थांबवावे आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर चालण्याखाली आणखी एक ओळ लिहावी. साठीच्या आजीला शतपावलीबरोबरच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्याचा सल्ला मिळेल, तेव्हाच हे विज्ञान प्रयोगशाळेतून घरात पोहोचले असे म्हणता येईल.