कावळ्याच्या नावाचं जहाज

पावसाळा सरला की वसईच्या पाचूबंदरावर आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकायला लागतात. बांबूच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले असतात आणि शेजारच्या खुंटावर कावळा बसलेला असतो. तो घाई करत नाही. मान वाकडी करून राखण करणाऱ्या बाईकडे बघतो, ती पाठमोरी झाली की झेपावतो, शेपटीकडून एक हिसका देतो आणि बोंबील घेऊन पसार होतो. कावळा चोर आहे हे किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. याच कावळ्याचं नाव एका लढाऊ जहाजाला मिळालं होतं आणि ते जहाज वसईच्याच खाडीच्या तोंडाशी वावरत होतं, हे मात्र आज वसईतही फार थोड्यांना माहीत आहे.

त्या जहाजाचं नाव गुराब. शिवकाळाच्या आणि आंग्र्यांच्या इतिहासात हा शब्द पानोपानी येतो. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या आरमाराची यादी आहे, तिच्यातही तो आहे. अरबी भाषेत ‘घुराब’ म्हणजे कावळा. मध्ययुगात भूमध्य समुद्रातले अरब खलाशी वल्ह्यांच्या लढाऊ गलबतांना याच नावाने हाक मारत. काळ्या डांबराने माखलेलं अंग आणि चोचीसारखी पुढे आलेली नाळ, यावरून हे नाव पडलं असं सांगितलं जातं. अरबी व्यापाराबरोबर ते हिंदी महासागरात आलं, कोकणच्या बंदरांत रुजलं आणि ‘घ’चा ‘ग’ होऊन मराठी झालं. इंग्रजांनी त्याचं ‘ग्रॅब’ केलं.

गुराब दिसायची कशी? रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात तिचं बारकाईने वर्णन केलं आहे. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, थोड्यांना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंदी भरपूर आणि पाण्यात बूड अगदी कमी, म्हणजे उथळ खाडीतही ती शिरू शकायची. नाळेवर ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा समोर तोंड करून ठेवलेल्या. तिच्या जोडीला गलबतं असत: ४०-५० वल्ह्यांची, वारा पडला तरी धावणारी, प्रसंगी गुराबेला ओढत नेणारी. शत्रूचं मोठं जहाज वाऱ्याविना अडकलं की गुराब त्याच्या पिछाडीला जायची, कारण तिथे तोफा कमी असत. मग शिडं आणि डोलकाठ्या फोडून त्याला पांगळं करायचं आणि गलबतांतून माणसं चढवायची. आठ-दहा गुराबा आणि ४०-५० गलबतं एवढा आंग्र्यांचा मुख्य ताफा असल्याचं ऑर्म नोंदवतो. कावळ्यांच्या थव्याशी ज्याची कधी गाठ पडली आहे, त्याला ही रीत ओळखीची वाटेल.

पक्ष्यांची नावं अशी माणसांच्या बोलीत शिरून वेगळेच अर्थ घेऊन बाहेर पडतात, आणि त्यात चोर व खलाशी या दोन जमाती सगळ्या जगात पुढे आहेत. दोघांचंही जग बाहेरच्यांना बंद असतं आणि दोघांचंही आयुष्य टेहळणीवर चालतं. लंडनच्या फ्रान्सिस ग्रोसने १७८५ साली गावठी आणि गुन्हेगारी बोलीचा कोश छापला. त्यात ‘रूक’, म्हणजे कावळ्याचा चुलतभाऊ, याचा एक अर्थ ठक असा दिला आहे आणि दुसरा, घरफोडीला वापरायची पहार. पहारीला इंग्रजीत आधीपासूनच कावळा म्हणत, चोरांनी त्या कावळ्याचं आणखी एक टोपणनाव पाडलं. त्याच कोशात ‘गल’ हा शब्द, जे कुरव या समुद्रपक्ष्याचंही नाव आहे, सहज फसणाऱ्या भोळ्या माणसासाठी दिला आहे. आपल्याकडेही कमी नाही. विदर्भात मुलींची छेड काढणारा चिडीमार ठरतो, माणसांना खोट्या कागदांवर परदेशी पोचवण्याच्या धंद्याला उत्तरेत कबूतरबाजी म्हणतात, आणि फजिती झाली की मराठी माणसाचा पोपट होतो. कावळ्यावर तर मराठीने घरातला एक नाजूक विषयही सोपवला होता. ‘कावळा शिवला’ एवढं म्हटलं की बाई चार दिवस बाजूला का बसली आहे ते कळायचं.

खलाशांचं आणि कावळ्याचं नातं मात्र गुराबेपेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि त्याचा धागा वसई-विरारच्याच हद्दीतून जातो. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तिथला स्तूप उकलला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले. पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रापार जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पाली कथांमध्ये ‘दिशाकाक’ भेटतो. हा जहाजावर पाळलेला कावळा. किनारा दिसेनासा झाला की त्याला सोडायचं. जमीन जवळ असेल तर तो तिकडे उडून जाणार, नसेल तर परत जहाजावर येणार. बावेरु जातकात व्यापारी असाच एक कावळा बावेरुला, म्हणजे बॅबिलोनला, घेऊन जातात आणि तिथले लोक त्याला बघायला गर्दी करतात. ज्या पक्ष्याला गावात हाकलतात, तो समुद्रावर वाटाड्या होता.

आता वसईची खाडी. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं झाली. मागच्या डोंगरांत साग होता, समोर खाडी होती, त्यामुळे इथे जहाजंही बांधली जात. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथे आरमाराची बांधणी सुरू केली, तेव्हा पोर्तुगिजांना धडकी भरली. कल्याणहून समुद्रात यायच्या वाटा दोन, एक ठाण्यावरून आणि दुसरी घोडबंदरावरून वसईच्या तोंडाशी. दोन्हींवर पोर्तुगिजांची नजर. महाराजांच्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. वसईच्या कप्तानाने त्याचं मन वळवलं आणि १६५९ साली तो आपली माणसं घेऊन काम टाकून निघून गेला. काम थांबलं नाही. कोकणातल्या सुतारांच्या आणि कोळी-भंडाऱ्यांच्या हातांवर ते पुढे गेलं.

वीस वर्षांनी त्याचं फळ दिसलं. ऑक्टोबर १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात दौलतखानाच्या मराठा ताफ्याने इंग्रजांच्या नाकेबंदीवर हल्ला चढवला. अर्ध्या तासात इंग्रजांची एक गुराब निशाण उतरवून शरण आली. तिचं नाव ‘डव्ह’, म्हणजे पारवा. जात कावळ्याची आणि नाव पारव्याचं, अशी ती बोट मराठ्यांच्या हाती लागली. तेव्हा इंग्रजही गुराबाच वापरत होते, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं.

कारण पुढच्या अर्धशतकात इंग्रजी कागदांनी या शब्दाचा रंग बदलला. क्लेमंट डाउनिंग या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी केलेल्या माणसाचं पुस्तक १७३७ साली लंडनला छापलं गेलं. त्याच्या नावातच कान्होजी आंग्र्यांना ‘अँग्रिया द पायरेट’ म्हटलं आहे. चाचा आंग्रे. आंग्र्यांची गुराब दिसली की ती चोराची गुराब, आणि मुंबईच्या बंदरातली कंपनीची गुराब मात्र आरमाराची गुराब! बांधणी एक, लाकूड एक, अनेकदा खलाशीही त्याच किनाऱ्यावरचे.

फरक होता तो परवान्याचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला होता. तो नसलेलं जहाज दिसलं की माल जप्त, जहाज जप्त. शतकानुशतकं या किनाऱ्यावरून व्यापाराला जाणाऱ्या लोकांना त्यांच्याच समुद्रात फिरण्यासाठी पैसे मोजावे लागत आणि हा कायदा ठरला. छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून कान्होजींनी हीच पद्धत दस्तकाच्या रूपाने चालवली आणि दस्तक न घेणारी जहाजं धरली, तर ती चाचेगिरी ठरली. हा न्याय नव्हे. वसईच्या कप्तानाने धरलेलं जहाज आणि कुलाब्याच्या सरखेलांनी धरलेलं जहाज, या दोहोंना एकच माप लावावं लागेल. कान्होजींच्या माणसांनी कधी जुलूम केलाच नाही असा दावा करायचं कारण नाही. त्या काळच्या समुद्रावर कोणाचेच हात स्वच्छ नव्हते. पण चोर हा शिक्का एकाच बाजूच्या कपाळावर बसला, कारण कोश, रोजनाम्या आणि इतिहास लिहिणारे दुसऱ्या बाजूला होते.

इंग्रजीत ‘ग्रॅब’ म्हणजे हिसकावणं असाही अर्थ आहे. तो गुराबेवरून आला असं कोणी ठोकून देतं, तेव्हा मान डोलवायची गरज नाही. ते क्रियापद युरोपातल्या भाषांमधून आलेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली एवढंच. पण या योगायोगाने इंग्रज वाचकाच्या मनात त्या जहाजाची चोर ही ओळख अधिक घट्ट केली असणार, असं मानायला जागा आहे.

गुराबांचा शेवट कडू आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पेशव्यांनी इथे आरमाराचा सुभा उभा केला. आणि सतराच वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी ताफ्याने विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. तुळाजींचं आणि पेशव्यांचं वैर खरं होतं. तरीही घरचं भांडण मिटवायला परक्याच्या तोफा बोलावण्याची ती चूक मराठी राज्याला फार महाग पडली.

आज वसई किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून भाईंदरला रो-रो सुटते. शनिवार-रविवारी किल्ल्यात फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली आहे, आणि नाळ, परबाण, डोलकाठी हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतात ती पिढी म्हातारी झाली आहे. कादोडी, वाडवळी आणि कोळी बोलींत बोटींची, वाऱ्यांची, भरती-ओहोटीची, पाखरांची किती नावं आहेत याचा एकत्र कोश व्हायला हवा, आणि तो आत्ताच व्हायला हवा. इथल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी मनावर घेतलं तर विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल आहेतच. किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा, एवढ्या गावांतल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून आवाज नोंदवून घेणं हे कुठल्याही प्रकल्पाइतकंच मोलाचं काम आहे. पुरातत्त्व खात्याने आणि महापालिकेने मिळून किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजापाशी गुराबेचं एक चित्र आणि तिच्या नावाची कथा लावावी, आणि त्या फलकावर चाचे हा शब्द लिहिताना तो कोणी कोणाला लावला हेही लिहावं.